स्टॅटिक की शेअर्ड? तीन प्लॅटफॉर्मवर लायब्ररी लिंक करताना

लायब्ररी स्टॅटिक जोडायची की शेअर्ड, हा प्रश्न अख्ख्या प्रोजेक्टला एकदाच विचारला की उत्तर हमखास चुकतं. तो प्रत्येक लायब्ररीबाबत वेगळा विचारावा लागतो. फाइलचा आकार आणि वेग यांची चर्चा सगळे करतात, पण त्याआधी दोन गोष्टी पाहा. या लायब्ररीत उद्या सुरक्षेची त्रुटी सापडली तर ती बदलणार कोण? आणि एका चालू प्रोसेसमध्ये तिच्या किती प्रती येणार?

उदाहरणासाठी एक डेस्कटॉप अ‍ॅप धरू. त्यात एक एक्झिक्युटेबल, स्वतः लिहिलेलं इंजिन आणि चालू असताना लोड होणारे दोन प्लगइन आहेत. बाहेरून घेतलेल्या लायब्रऱ्या चार: झेडलिब (डेटा दाबून लहान करायला), एसक्यूलाइट (फाइलमधला डेटाबेस), ओपनएसएसएल (एन्क्रिप्शन) आणि क्यूटी (खिडक्या, बटणं वगैरे). भाषा सी++, बिल्डसाठी सीमेक हे साधन, आणि अ‍ॅप लिनक्स, विंडोज, मॅकओएस अशा तिन्हींवर चालायला हवं.

आधी फायली ओळखा

स्टॅटिक लायब्ररी म्हणजे ऑब्जेक्ट फायलींचं, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडच्या तुकड्यांचं, गाठोडं. लिनक्स आणि मॅकवर तिचं एक्स्टेन्शन ‘.ए’, विंडोजवर ‘.लिब’. लिंकर (तुकडे जोडून प्रोग्रॅम तयार करणारं साधन) त्यातल्या हव्या तेवढ्या ऑब्जेक्ट फायली उचलून एक्झिक्युटेबलमध्ये घालतो आणि मग मूळ लायब्ररीचं काम संपतं. शेअर्ड लायब्ररी मात्र प्रोग्रॅम सुरू होताना शोधली जाते: लिनक्सवर ‘.एसओ’, मॅकवर ‘.डायलिब’, विंडोजवर ‘.डीएलएल’.

विंडोजवर नवखे इथेच फसतात. डीएलएल बांधली की तिच्यासोबत एक छोटी ‘.लिब’ही तयार होते. ती इम्पोर्ट लायब्ररी. तिच्यात कोड नसतो, कुठलं फंक्शन कुठल्या डीएलएलमध्ये आहे एवढीच माहिती असते. एक्स्टेन्शन तेच असल्यामुळे समोरची फाइल स्टॅटिक आहे की इम्पोर्ट, हे नावावरून कळत नाही. डेव्हलपर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘लिब /लिस्ट’ चालवून पाहा. वेगवेगळ्या ‘.ओबीजे’ फायलींची नावं आली तर स्टॅटिक, एकाच डीएलएलचं नाव पुन्हा पुन्हा आलं तर इम्पोर्ट.

पायरी १: प्रत्येक लायब्ररीचा निर्णय वेगळा

एक्झिक्युटेबल आणि प्लगइन दोघांनाही इंजिन लागतं, म्हणून ते शेअर्ड. प्लगइन नसते तर स्टॅटिकच बरं होतं: पाठवायची एक फाइल कमी, आणि लिंक-टाइम ऑप्टिमायझेशनला सगळा कोड एकत्र मिळतो.

झेडलिब छोटी आहे, तिचा सी इंटरफेस वर्षानुवर्षं स्थिर आहे. स्टॅटिक चालेल. फक्त तिच्या नव्या आवृत्त्यांवर लक्ष ठेवायची जबाबदारी आता तुमची. २००२ मध्ये झेडलिब १.१.३ मधला दोष बाहेर आला तेव्हा खरा त्रास झाला तो तिची प्रत पोटात घेऊन बसलेल्या असंख्य प्रोग्रॅमचा. शेअर्ड प्रत वापरणाऱ्यांना १.१.४ ची एक फाइल बदलून भागलं, बाकीच्यांना प्रत्येक प्रोग्रॅम नव्याने बांधावा लागला.

याच कारणाने ओपनएसएसएल शेअर्ड ठेवा. एप्रिल २०१४ मधल्या हार्टब्लीड या त्रुटीच्या वेळी १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्या बाधित होत्या आणि १.०.१जी मध्ये दुरुस्ती आली. एक गैरसमज मात्र इथे दूर करायला हवा. लायब्ररी शेअर्ड जोडली, पण तिची प्रत स्वतःच्या इन्स्टॉलरमध्ये घालून पाठवली, तर सिस्टीमच्या अपडेटचा तिला काही उपयोग नाही. अपडेट तुम्हालाच पाठवावा लागतो. फायदा एवढाच, की संपूर्ण अ‍ॅप पुन्हा न बांधता एक फाइल बदलता येते. सिस्टीमची प्रत वापरायची तर सोनेम (लायब्ररीत लिहिलेलं आवृत्तीसह नाव) पाहावं लागतं: काही लिनक्स वितरणांत १.१ ची लायब्ररी असते, काहींत ३ ची, आणि एकीवर लिंक झालेला प्रोग्रॅम दुसरीवर सुरू होत नाही.

क्यूटीचा प्रश्न लायसन्सचा. मुक्त-स्रोत क्यूटीचा बहुतेक भाग एलजीपीएल ३ या लायसन्सखाली मिळतो. या लायसन्सखालची लायब्ररी बंद स्रोताच्या अ‍ॅपमध्ये स्टॅटिक जोडली, तर वापरकर्त्याला बदललेल्या लायब्ररीसह अ‍ॅप पुन्हा लिंक करता यावं म्हणून तुमच्या ऑब्जेक्ट फायली द्याव्या लागतात. शेअर्ड जोडा आणि विषय संपवा.

राहिली एसक्यूलाइट. तिचे निर्माते सगळा कोड एकाच सी फाइलमध्ये देतात आणि तीच वापरायला सांगतात, त्यामुळे स्टॅटिक घेण्याचा मोह होतोच. आपल्या अ‍ॅपमध्ये तो महागात पडू शकतो.

पायरी २: एका प्रोसेसमध्ये एकच प्रत

समजा इंजिनमध्ये एसक्यूलाइट स्टॅटिक जोडली आणि प्लगइन लिहिणाऱ्यानेही स्वतःपुरती स्टॅटिक जोडली. दोन्ही भाग एकच डेटाबेस फाइल उघडतात. बिल्ड स्वच्छ, टेस्ट हिरव्या. मग कधीतरी डेटाबेस खराब होतो.

कारण पॉझिक्स (लिनक्स आणि मॅक पाळतात ते मानक) यातल्या फाइल लॉकच्या नियमात आहे. प्रोसेसने एक फाइल दोनदा उघडली असेल आणि त्यातला एक डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा हवाला) बंद केला, तर त्या फाइलवरचे त्या प्रोसेसचे सगळे लॉक सुटतात, दुसऱ्या डिस्क्रिप्टरवरून घेतलेलेसुद्धा. यावर उपाय म्हणून एसक्यूलाइट उघड्या फायलींची एक ग्लोबल यादी ठेवते आणि धोका असेल तेव्हा फाइल बंद करणं लांबवते. लायब्ररीच्या दोन प्रती असल्या की याद्याही दोन होतात. प्लगइनने फाइल बंद केली की इंजिनचा लॉक गुपचूप जातो, इंजिनला पत्ताच नसतो. हा धोका एसक्यूलाइटच्या अधिकृत माहितीतही नोंदवलेला आहे.

म्हणून नियम असा: जिच्यात ग्लोबल स्थिती आहे (लॉक, लॉगिंग, मेमरी पूल, प्रकारांची नोंदवही) आणि जी एकापेक्षा जास्त शेअर्ड तुकड्यांना लागते, ती लायब्ररी शेअर्डच हवी. नाहीतर ती एकाच तुकड्यात स्टॅटिक ठेवा आणि बाकीच्यांना त्या तुकड्याच्या इंटरफेसमधूनच वापरू द्या. आपल्या अ‍ॅपसाठी दुसरा मार्ग चांगला: एसक्यूलाइट इंजिनच्या पोटात, आणि प्लगइनला डेटाबेसला हात लावायचा तर इंजिनच्या फंक्शनमधून. झेडलिबसारख्या लायब्ररीच्या दोन प्रती झाल्या तर फक्त जागा जास्त लागते, बिघडत काही नाही.

लिनक्सवर याला आणखी एक वळण आहे. तिथे एकाच नावाचं फंक्शन दोन शेअर्ड लायब्रऱ्यांनी उघडं ठेवलं, तर सहसा आधी लोड झालेल्या लायब्ररीचं सगळ्यांना मिळतं. म्हणजे प्लगइन झेडलिबच्या एका आवृत्तीच्या हेडरवर कंपाइल व्हायचा आणि चालताना दुसऱ्याच आवृत्तीचा कोड वापरायचा. विंडोजवर कुठलं फंक्शन कुठल्या डीएलएलमधून, याची नोंद असते. मॅकवरही नेहमीच्या टू-लेव्हल नेमस्पेसमुळे तीच सोय आहे. त्यामुळे ‘मॅकवर चालतं, लिनक्सवर कोसळतं’ अशी तक्रार आली की पहिला संशय इथे घ्या.

पायरी ३: सिम्बॉल डीफॉल्ट लपलेले

सिम्बॉल म्हणजे फंक्शन किंवा व्हेरिएबलचं लायब्ररीतलं नाव. जीसीसी आणि क्लँग या कंपायलरमध्ये लिनक्स-मॅकवर प्रत्येक फंक्शन आपोआप बाहेर दिसतं. विंडोजवर उलट: निर्यात केल्याशिवाय काहीच दिसत नाही. तिन्हीकडे विंडोजची शिस्त लावून घ्या. ‘-एफव्हिजिबिलिटी=हिडन’ हा पर्याय जीसीसी ४.० पासून आहे. सीमेकमध्ये ‘सीएक्सएक्स व्हिजिबिलिटी प्रीसेट’ला ‘हिडन’ द्या, ‘व्हिजिबिलिटी इनलाइन्स हिडन’ चालू करा. मग ‘जनरेट एक्स्पोर्ट हेडर’ हे मॉड्यूल एक हेडर तयार करून देतं. त्यातला मॅक्रो सार्वजनिक क्लास आणि फंक्शनच्या आधी लावला की झालं.

या हेडरची एक अट विसरली जाते. लायब्ररी स्टॅटिक बांधली असेल तर वापरणाऱ्या कोडलाही तसं कळावं लागतं. त्यासाठी नावाच्या शेवटी ‘स्टॅटिक डिफाइन’ असलेला मॅक्रो आहे. तो टार्गेटवर ‘पब्लिक’ म्हणून लावा. नाही लावला तर विंडोजवर ‘एलएनके २०१९’ ही चूक येते आणि हरवलेल्या नावाच्या सुरुवातीला ‘__आयएमपी_’ दिसतं. हे अक्षरगुच्छ दिसलं की समजा, हेडर डीएलएल शोधतंय आणि तुम्ही स्टॅटिक लायब्ररी दिलीय.

‘विंडोज एक्स्पोर्ट ऑल सिम्बॉल्स’ हा सीमेकचा शॉर्टकट जुना कोड विंडोजवर पहिल्यांदा उठवायला ठीक आहे. पण ग्लोबल व्हेरिएबलसाठी तो पुरत नाही, तिथे इम्पोर्टची खूण हातानेच लावावी लागते. शिवाय एका डीएलएलमधून ६५,५३५ च्या पुढे सिम्बॉल निर्यात होत नाहीत. टेम्प्लेटने भरलेली मोठी सी++ लायब्ररी ही मर्यादा खरंच गाठते.

पायरी ४: सीमेकमध्ये दोन्ही वाटा मोकळ्या ठेवा

‘अ‍ॅड लायब्ररी’ लिहिताना स्टॅटिक किंवा शेअर्ड असं काहीच लिहू नका. मग ‘बिल्ड शेअर्ड लिब्स’ या व्हेरिएबलवरून प्रकार ठरतो. दोष एकच: हे व्हेरिएबल सगळ्या उप-प्रोजेक्टनाही लागू होतं. म्हणून जिथे निर्णय पक्का आहे तिथे प्रकार स्पष्ट लिहा. आपल्या अ‍ॅपमध्ये इंजिन नेहमीच शेअर्ड आणि झेडलिब नेहमीच स्टॅटिक.

आता लिनक्सवर ही चूक येण्याची शक्यता मोठी: स्टॅटिक झेडलिब शेअर्ड इंजिनमध्ये घालताना लिंकर ‘आर_एक्स८६_६४’ने सुरू होणाऱ्या रीलोकेशनची (पत्ता नंतर भरण्याच्या नोंदीची) तक्रार करतो आणि ‘-एफपीआयसी लावून पुन्हा कंपाइल करा’ असं सांगतो. शेअर्ड लायब्ररी मेमरीत कुठल्याही पत्त्यावर बसते, म्हणून तिच्यातला सगळा कोड पत्त्यावर अवलंबून नसलेला हवा. सीमेक शेअर्ड टार्गेटला हा पर्याय आपोआप लावतं, स्टॅटिकला नाही. सगळ्यात वरच्या फाइलमध्ये ‘सीमेक पोझिशन इंडिपेंडंट कोड’ चालू करा. आजच्या ६४-बिट प्रोसेसरवर त्याचा भुर्दंड इतका कमी, की तो वाचवण्यात वेळ घालवू नये. बाहेरून तयार आलेली ‘.ए’ फाइल या पर्यायाविना बांधलेली असेल तर तिला वाचवता येत नाही. स्रोतापासून पुन्हा बांधा.

स्टॅटिक लायब्ररी आपल्या अवलंबित लायब्रऱ्या सोबत नेत नाही, हेही ध्यानात ठेवा. शेअर्ड ओपनएसएसएल जोडताना तिचं नाव पुरतं. तीच स्टॅटिक घेतली की विंडोजवर ‘डब्ल्यूएस२_३२’ आणि ‘क्रिप्ट३२’ या सिस्टीम लायब्रऱ्याही द्याव्या लागतात. लिंकचे पर्याय सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगला ‘--स्टॅटिक’ दिलं की ही वाढीव यादी मिळते. जीएनयू लिंकर ही यादी डावीकडून उजवीकडे एकदाच वाचतो, म्हणून वापरणारी लायब्ररी आधी आणि वापरली जाणारी नंतर. दोघी एकमेकींना वापरत असतील तर ‘--स्टार्ट-ग्रुप’ आणि ‘--एंड-ग्रुप’ यांच्यामध्ये ठेवा. विंडोजचा लिंकर आणि एलएलडी हा दुसरा लिंकर या क्रमाचा एवढा बाऊ करत नाहीत, त्यामुळे ही चूक बहुधा लिनक्सवरच उघडी पडते.

शेअर्डवरून स्टॅटिकवर गेल्यावर एखादी सुविधा चूक न दाखवता गायब होते, त्याचं कारण मात्र वेगळं. काही कोड स्वतःची नोंदणी ग्लोबल ऑब्जेक्टच्या कन्स्ट्रक्टरमधून करतो: ‘मी पीएनजी वाचू शकतो’ वगैरे. त्या ऑब्जेक्ट फाइलमधलं एकही नाव कुणी थेट वापरत नसेल तर लिंकर ती उचलतच नाही, आणि नोंदणी होतच नाही. लिनक्सवर ‘--होल-आर्काइव्ह’, मॅकवर ‘-फोर्स_लोड’, विंडोजवर ‘/होलआर्काइव्ह’ लावून सगळ्या फायली आणता येतात. सीमेक ३.२४ पासून यासाठी एकच लिहिण्याची पद्धत आहे. तरी त्यापेक्षा ‘सगळ्यांची नोंदणी कर’ असं एक साधं फंक्शन लिहून ते सुरुवातीला बोलावणं कधीही चांगलं. ते तिन्ही लिंकरवर सारखंच वागतं आणि वाचणाऱ्यालाही दिसतं.

पायरी ५: रनटाइम लायब्ररी

*विंडोज.* व्हिज्युअल सी++ मध्ये ‘/एमडी’ म्हणजे रनटाइम (सी आणि सी++ ची पायाभूत लायब्ररी) डीएलएलमधून, ‘/एमटी’ म्हणजे पोटात. एका एक्झिक्युटेबलमध्ये दोन्ही मिसळले की ‘एलएनके २०३८’ येते, आणि ती आली तर नशीब समजा. कारण इंजिन ‘/एमटी’ने बांधलेली डीएलएल असेल आणि एक्झिक्युटेबल ‘/एमडी’ने, तर लिंकर काहीच बोलत नाही. दोन रनटाइम शेजारी शेजारी चालतात. इंजिनने उघडलेला फाइल पॉइंटर एक्झिक्युटेबलला चालत नाही, इंजिनने घेतलेली मेमरी बाहेर मोकळी केली की हीप (चालताना मागून घेतलेल्या मेमरीचा साठा) बिघडू शकते.

डीएलएल असलेल्या प्रोजेक्टमध्ये सगळीकडे ‘/एमडी’ ठेवा. सीमेक ३.१५ पासून ‘सीमेक एमएसव्हीसी रनटाइम लायब्ररी’ या व्हेरिएबलने ते एका ठिकाणी ठरतं. व्हीसीपीकेजी हा पॅकेज मॅनेजर वापरत असाल तर ट्रिप्लेट (प्लॅटफॉर्म आणि लिंकचा प्रकार सांगणारं नाव) नीट वाचा: ‘एक्स६४-विंडोज-स्टॅटिक’मध्ये रनटाइमही स्टॅटिक होतो. लायब्रऱ्या स्टॅटिक पण रनटाइम शेअर्ड हवा असेल तर नावाच्या शेवटी ‘-एमडी’ असलेला निवडा. आणि इंटरफेस असा आखा, की ज्या लायब्ररीने मेमरी घेतली तीच ती सोडेल: ‘तयार कर’ फंक्शनला ‘मोडून टाक’ची जोडी हवीच.

*लिनक्स.* जीलिबसी (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) कधीही स्टॅटिक जोडू नका. ‘गेटअ‍ॅड्रइन्फो’सारखी फंक्शन चालताना पुन्हा शेअर्ड मॉड्यूल शोधतात, आणि लिंकर तसा इशाराही देतो. खरोखर एकच स्टॅटिक फाइल हवी असेल, जसं कमांड लाइनचं छोटं साधन, तर मसल लिबसी ही पर्यायी सी लायब्ररी घ्या. प्लगइन असलेल्या अ‍ॅपसाठी मात्र तो मार्ग नाही.

जीलिबसीची सुसंगतता एकाच दिशेने चालते: जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, उलट नाही. २०२१ मधल्या २.३४ आवृत्तीत प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फंक्शनलाच नवा व्हर्जन टॅग मिळाला. त्यामुळे उबंटू २२.०४ वर (जीलिबसी २.३५) बांधलेला, काहीही न करणारा प्रोग्रॅमसुद्धा २०.०४ वर (२.३१) ‘जीलिबसी_२.३४ सापडत नाही’ म्हणून थांबतो. उपाय एकच: ज्या सर्वांत जुन्या वितरणावर चालायला हवं, त्याच्या कंटेनरमध्ये बांधा. मग ‘ऑब्जडम्प -टी’ (कॅपिटल टी) चालवून ‘जीलिबसी_’ने सुरू होणाऱ्या टॅगपैकी सगळ्यांत मोठा आकडा पाहा. तोच तुमचा किमान आधार.

‘-स्टॅटिक-लिबएसटीडीसी++’ (सी++ ची लायब्ररी पोटात घालणारा पर्याय) एकट्या एक्झिक्युटेबलला उपयोगी आहे. प्लगइनच्या सीमेवरून एक्सेप्शन किंवा स्ट्रिंग ये-जा करत असतील तर टाळा. अँड्रॉइडवर हाच नियम जास्त कडक आहे: अ‍ॅपमध्ये सी++ च्या एकापेक्षा जास्त शेअर्ड लायब्रऱ्या असतील तर ‘सी++_शेअर्ड’ हा शेअर्ड रनटाइम वापरायचा. सीमेकमधला डीफॉल्ट स्टॅटिक आहे, तो बदलावा लागतो.

*मॅक.* पूर्ण स्टॅटिक प्रोग्रॅमला अ‍ॅपल आधार देत नाही, सिस्टीमची लायब्ररी शेअर्डच जोडली जाते. निर्णय झालेलाच आहे, पुढे जा.

पायरी ६: चालताना लायब्ररी सापडायला हवी

विंडोजवर सगळ्यात सोपं: डीएलएल एक्झिक्युटेबलच्या शेजारी ठेवा, शोध तिथूनच सुरू होतो. सीमेक ३.२१ पासूनच्या ‘टार्गेट रनटाइम डीएलएल्स’ने त्या बिल्डनंतर आपोआप कॉपी करता येतात. ‘०एक्ससी०००००७बी’ हा एरर कोड आला तर बहुधा ३२ आणि ६४ बिटची सरमिसळ झालीय.

लिनक्सवर लायब्ररी कुठे शोधायची तो मार्ग (आरपाथ) फाइलमध्येच लिहिता येतो. ‘इन्स्टॉल आरपाथ’ला ‘$ओरिजिन/../लिब’ द्या, म्हणजे ‘ही फाइल जिथे आहे तिथून मोजून’. हाताने लिहिलेल्या मेकफाइलमध्ये डॉलर दोनदा लिहा आणि एकेरी अवतरणात ठेवा. नाहीतर मेक ‘$ओ’ला व्हेरिएबल समजून खाऊन टाकतो आणि ‘रीडएल्फ -डी’मध्ये नुसतं ‘रिजिन’ दिसतं. दुसरी खोच: आजकाल बहुतेक वितरणांत लिंकर आरपाथऐवजी ‘रनपाथ’ लिहितो आणि तो फक्त थेट अवलंबित लायब्ररीला लागू होतो, तिच्या पुढच्या साखळीला नाही. एक्झिक्युटेबलला इंजिन सापडतं, पण इंजिनला ओपनएसएसएल सापडत नाही, ते यामुळे. म्हणून स्वतःच्या प्रत्येक ‘.एसओ’ला स्वतःचा ‘$ओरिजिन’ द्या. ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ तपासणीपुरता ठीक, वापरकर्त्याकडे पाठवू नका.

मॅकवर प्रत्येक डायलिब स्वतःचं इन्स्टॉल नेम बाळगते आणि लिंक करताना तेच तुमच्या फाइलमध्ये उतरतं. ‘ओटूल -एल’ (कॅपिटल एल) चालवा. तिथे ‘/ऑप्ट/होमब्रू’ने सुरू होणारा मार्ग दिसला तर अ‍ॅप फक्त होमब्रू (मॅकचा पॅकेज मॅनेजर) असलेल्यांकडेच चालेल. ‘इन्स्टॉल_नेम_टूल’ने तो ‘@आरपाथ’वर आणा आणि एक्झिक्युटेबलच्या आरपाथमध्ये ‘@लोडर_पाथ’पासूनचा मार्ग द्या. फाइल बदलली की तिची सही मोडते आणि अ‍ॅपल सिलिकॉनवर मोडक्या सहीची फाइल सिस्टीम थेट मारून टाकते. म्हणून आधी सगळे मार्ग बदला, कोडसाइन (सही करणं) शेवटी.

पायरी ७: स्वतःच्या मशीनवर विश्वास ठेवू नका

सीमेक बिल्ड फोल्डरमधल्या फायलींना पूर्ण मार्गाचा आरपाथ लावतं आणि इन्स्टॉल करताना काढून टाकतं. त्यामुळे बिल्ड फोल्डरमधून अ‍ॅप चाललं, यावरून काहीच सिद्ध होत नाही. इन्स्टॉल केलेलं फोल्डर उचलून दुसऱ्या मार्गावर ठेवा आणि बिल्ड फोल्डरचं नाव बदलून मग चालवा. त्यानंतर कंपायलरही नसलेल्या कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर. विंडोजवर डिबग बिल्ड पाठवू नका: डिबग रनटाइमच्या डीएलएल व्हिज्युअल स्टुडिओसोबतच येतात आणि त्या वाटायची परवानगीही नाही. रिलीज बिल्डला व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल लागतो, आणि तो तुमच्या कंपायलरइतका तरी नवा हवा.

तयार फायलींची अवलंबित यादी प्रत्येक बिल्डनंतर तपासणारी एक छोटी स्क्रिप्ट सीआयमध्ये (आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या व्यवस्थेत) घाला. लिनक्सवर ‘रीडएल्फ -डी’, मॅकवर ‘ओटूल’, विंडोजवर ‘डम्पबिन /डिपेंडंट्स’. परवानगी असलेल्या नावांची एक यादी ठेवा आणि बाहेरचं नाव आलं की बिल्ड पाडा. ‘एलडीडी’ हाताने पाहायला सोयीचं आहे, पण कुठून आली माहीत नसलेल्या फाइलवर ते चालवू नका, कारण काही परिस्थितीत ते ती फाइलच चालवून पाहतं. प्लगइन या यादीतून सुटतात, कारण ते चालू असताना लोड होतात. त्यांच्यासाठी लिनक्सवर ‘एलडी_डिबग=लिब्स’ लावून अ‍ॅप सुरू करा आणि प्रत्येक लायब्ररी नेमकी कुठल्या फोल्डरमधून उचलली गेली, ते ओळीने वाचा. एकाच लायब्ररीचं नाव दोन वेगळ्या मार्गांवरून लोड झालेलं दिसलं, तर दुसऱ्या पायरीकडे परत जा. स्टॅटिक प्रत या यादीत दिसणार नाही. तिच्यासाठी प्लगइनवर ‘एनएम’ (सिम्बॉलची यादी देणारं साधन) चालवून ‘एसक्यूलाइट३_’ने सुरू होणाऱ्या नावांपुढे टी आहे का पाहा. कॅपिटल किंवा स्मॉल, कुठलाही टी दिसला की कोड प्लगइनच्या पोटात आहे. यू दिसला तर ते नाव बाहेरून येतंय. ही तपासणी स्ट्रिप करण्याआधीच्या (नावं काढून टाकण्याआधीच्या) फाइलवर करा, नंतर लपलेली नावं फाइलमध्ये उरत नाहीत.